नळमामांचा उजवा पाय

चर्चमध्ये पाण्याचं जे काही होतं, ते सगळं नळमामांचं होतं. तसं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण गच्चीवरची टाकी, तिचा कुरकुर करणारा व्हॉल्व्ह, चहाच्या खोलीतलं सिंक, आवारातला नळ आणि बाप्तिस्म्याचं दगडी कुंड या सगळ्यांवर त्यांचाच जीव होता. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळ रडलं की लोक बाळाच्या आईकडे बघत आणि मामा कुंडाकडे बघत. "पाणी गार असणार," असं ते स्वतःशीच म्हणत आणि पुढच्या बाळाच्या वेळी गरम पाण्याची किटली घेऊन आधीच हजर असत. उपासनेलाही ते पाने-पकडींची पिशवी खांद्याला अडकवून येत. प्रवचन चालू असताना कुठे टप-टप ऐकू आलं की त्यांचे कान टवकारत, आणि मग पाळकांनी कितीही तळमळीने सांगितलं तरी मामांचं लक्ष त्या थेंबाकडेच लागे.

त्यांना मामा कुणी केलं, तर त्यांच्या बहिणीने. ती रविवारच्या शाळेत शिकवायची. तिची मुलं मामा म्हणायची म्हणून वर्गातली मुलं म्हणू लागली, मग त्या मुलांचे आईबाप, आणि शेवटी त्यांच्याहून वयाने चांगले मोठे असलेले ऑर्गनवाले मास्तरही. बायको आपोआपच मामी झाली. मामी एका लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी दिवसभर उभ्या असत आणि दिवसभर बोलत असत. संध्याकाळी घरी आल्यावर उरलेलं बोलत.

मामा सगळ्यांच्या उपयोगी पडत. कुणाच्या घरी मोरी तुंबली, कुणाचा गीझर रुसला, की मामा जेवणावरून उठून जात. पण माणूस एका बाबतीत अगदी हट्टी होता. त्यांना देता येत होतं, घेता येत नव्हतं. एकदा त्यांना सडकून ताप आला, तेव्हा भगिनीमंडळाच्या दोघी गरम जेवणाचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. मामी डबा घ्यायला हात पुढे करणार, तोच मागून मामा शाल गुंडाळून आले आणि म्हणाले, "आमच्याकडे सगळं आहे हो. उगाच कशाला त्रास." बायका डबा घेऊन परत गेल्या. मामी त्या दिवशी जे बोलल्या ते ऐकून ताप आणखी चढला असणार. कुणी चुकून काही देऊन गेलंच, तर मामा लगेच त्यांच्या घरी जाऊन एखादा नळ दुरुस्त करून येत, मग तो गळत असो वा नसो. एका बाईंच्या केकच्या बदल्यात त्यांनी त्यांचा नळ इतक्या प्रेमाने आवळला, की तो उघडायला पुन्हा त्यांनाच बोलवावं लागलं.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून या चर्चमध्ये वर्षातून एकदा पाय धुण्याची उपासना होई. वेदीसमोर खुर्च्यांचं मोठं वर्तुळ करायचं, कोमट पाण्याचं पसरट भांडं आणि टॉवेल घ्यायचे, आणि प्रत्येकाने आपल्या डाव्या हाताला बसलेल्याचे पाय गुडघे टेकून धुवायचे. ज्याचे धुतले त्याने उठून पुढच्याचे धुवायचे. असं करत करत भांडं सगळ्या वर्तुळात फिरे. बोलायचं नाही, हळू आवाजात फक्त गीत चालू ठेवायचं. मोठा-लहान, साहेब-शिपाई, सगळे एकमेकांच्या पायाशी.

कल्पना फार सुंदर होती, पण माणसं शेवटी माणसंच. आपले पाय दुसऱ्याने बघायचे म्हटल्यावर सगळी मंडळी त्या दिवशी सकाळपासून घरी पाय घासत बसे. कुणी दगडाने टाचा घासी, कुणी नखं रंगवी, कुणी पावडर लावी. चर्चचे सेक्रेटरी, ज्यांना लोक सूचनाराव म्हणत, कारण उपासना संपल्यावर त्यांच्या सूचना कधी संपत नसत, ते दरवर्षी नवे कोरे मोजे घालून येत. एका वर्षी मोज्याच्या तळाला किमतीचं लेबल तसंच होतं आणि त्यांचे पाय धुणाऱ्या बाईंना गीत सोडून हसू आलं. थोडक्यात, धुण्यासारखं काही उरलेलंच नसे. संपूर्ण वर्तुळ फिरून आलेलं पाणी जसंच्या तसं स्वच्छ असे. हे सगळ्यांत जास्त मामांना ठाऊक, कारण पाणी ओतून द्यायचं काम त्यांचं. "या पाण्याचा चहासुद्धा करता येईल," असं ते एकदा मामींना म्हणाले होते आणि त्याबद्दल भरपूर ऐकून घेतलं होतं.

पण मामांचे पाय मात्र कधी कुणी धुतले नव्हते. ते पाणी गरम करत, आणत, बदलत. वर्तुळात ते कधी बसलेच नाहीत आणि इतक्या वर्षांत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

या वर्षी त्यांना ते फारच सोयीचं होतं. काही दिवसांपूर्वी एक तुंबलेलं गटार मोकळं करताना त्यांच्या उजव्या गमबुटात एक खडा गेला होता. मामांना साखरेचा आजार बऱ्याच वर्षांचा, त्यामुळे पायाला जाणीव कमी. दिवसभर ते त्या खड्यावर चालले आणि त्यांना पत्ता लागला नाही. संध्याकाळी मोजा काढला तर अंगठ्याखाली रक्त. त्यांनी जखम धुतली, चिंधी गुंडाळली आणि गप्प बसले. जखम भरेना. उलट कडेने लाल होत गेली. तरी मामा कुणाला काही बोलले नाहीत.

याला कारण होतं. त्यांच्या मोठ्या भावाला, दादांना, हाच आजार आणि हीच जखम झाली होती. दादा स्वतःच्या पायांनी चालत हॉस्पिटलात गेले आणि गुडघ्याखालचा पाय तिथेच ठेवून आले. मामांनीच त्यांना उचलून घरी आणलं होतं. त्यानंतर दादा खिडकीजवळच्या खुर्चीतून फारसे उठले नाहीत आणि एक दिवस त्या खुर्चीतच गेले. तेव्हापासून मामांच्या डोक्यात एक वेडं गणित पक्कं बसलं होतं, की दादांनी जखम दाखवली म्हणून पाय गेला. आपण दाखवायचीच नाही. मग ते मोजे घालून झोपू लागले.

"भर उन्हाळ्यात मोजे?" मामींनी विचारलं.

"पाय गार पडतात."

मामींना दया आली. त्या बिचारीने दुसऱ्या दिवशी आणखी मऊ मोजे आणून दिले. मामा ते घालताना मामींच्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत.

चर्चच्या पाळकबाई नव्याच आलेल्या होत्या. वयाने तरुण, उंच, आणि ज्या गोष्टींकडे सगळ्यांनी वर्षानुवर्षं कानाडोळा केलेला असतो, नेमकं तिकडेच त्यांचं लक्ष जाई. उपासनेच्या आधीच्या आठवड्यात त्या गच्चीवर टाकीपाशी आल्या.

"मामा, मागच्या वर्षी तुमचे पाय कुणी धुतले?"

"माझे? मी पाण्याच्या मागे असतो बाई."

"त्याच्या मागच्या वर्षी?"

"पाण्याच्याच मागे."

"मग या वर्षी पाणी तरुण मंडळी बघतील. तुम्ही मामींच्या शेजारी बसायचं."

"त्यांना अंदाज यायचा नाही. कमी-जास्त गरम होईल."

"होऊ दे. पाय आहेत, दूध थोडंच आहे नासायला."

मामांनी बघू म्हटलं. पण पाळकबाईंनी ते ऐकूनच घेतलं नाही. त्या खाली उतरल्या आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटल्या, की यंदा मामांना अजिबात उठवायचं नाही, काहीही झालं तरी. मंडळीला ही कल्पना फारच आवडली. इतकी वर्षं हा माणूस आपल्यासाठी राबतो आणि आपल्याला सुचलं कसं नाही, म्हणून जो तो हळहळू लागला. मामी तर हरखूनच गेल्या. उपासनेच्या दिवशी दुपारी त्या सुट्टी घेणार होत्या, पण लॉन्ड्रीत कामाचा डोंगर होता. मग सकाळीच त्यांनी मामांना फर्मान सोडलं, "पाय नीट घासा. की मी घासून देऊ?"

"मी काय लहान आहे?" असं म्हणून मामांनी न्हाणीघराची कडी आतून लावली. आत त्यांनी जखमेवर नवी चिंधी बांधली. ती सुटू नये म्हणून नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेप तिच्यावर वेढे देऊन पक्की केली. मग ते बादलीवर बसून विचार करू लागले, आणि त्यांना त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत वाईट युक्ती सुचली.

उपासनेच्या थोडं आधी ते चर्चमध्ये गेले. चहाच्या खोलीत सिंकखाली वाकले आणि पाइपचा नट किंचित सैल केला. आधी थेंब पडतील, मग बारीक धार लागेल. पहिलं गीत संपेपर्यंत पाणी दाराखालून सभागृहात येईल, कुणीतरी ओरडेल, "मामा, पाणी," आणि मामा पिशवी उचलून सिंकखाली शिरतील ते शेवटच्या आशीर्वचनालाच बाहेर येतील. जन्मभर गळत्या बंद करणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने केलेली ही पहिली गळती होती. वेदीसमोरून जाताना त्यांनी मान खाली घातली आणि देवाची आगाऊ माफी मागून ठेवली.

वर्तुळात बसल्यावर त्यांना पहिला धक्का बसला. डाव्या बाजूला मामी होत्या, लॉन्ड्रीतून तडक आलेल्या, अजून धापा टाकणाऱ्या. पण उजव्या बाजूला नर्सबाई होत्या. म्हणजे पाय त्याच धुणार. नर्सबाई हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या होत्या, पण ते फक्त कागदावर. चर्चमध्ये हात मिळवतानासुद्धा त्या माणसाची नखं बघून घेत आणि "रक्त तपासून घ्या," असं सांगत. मामांनी डोळे चहाच्या खोलीच्या दाराकडे लावले आणि ते गळतीची चातकासारखी वाट बघू लागले.

गीत सुरू झालं. भांडं फिरू लागलं. आणि खरंच, दाराखालून पाण्याची चकचकीत रेघ बाहेर आली. मामांचा जीव भांड्यात पडला. आपली पाळी उरकून, मोजे पुन्हा चढवून सूचनाराव दाराजवळ उभे होते. त्यांनी रेघ पाहिली, मग पाळकबाईंकडे पाहिलं. पाळकबाईंनी मामांकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, नाही.

मग जे झालं ते मामांनी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. सूचनारावांनी नव्या कोऱ्या मोज्यांसकट दोन्ही पाय त्या पाण्यावर ठेवले आणि ते काही झालंच नाही अशा चेहऱ्याने गाऊ लागले. पाणी मोज्यांतून वर चढू लागलं तसा त्यांचा आवाजही चढला. मग त्यांनी अंगातला कोट काढून दाराच्या फटीत कोंबला. गायनमंडळातल्या तिघी सरकत सरकत त्यांच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या, मामांना काही दिसू नये म्हणून. ऑर्गनवाल्या मास्तरांना आतल्या धारेचा आवाज ऐकू आला असावा, कारण त्यांनी ते हळुवार गीत एकदम लग्नाची वरात निघाल्यासारखं जोरात वाजवायला घेतलं. तरुण मंडळींतली एक मुलगी फरशी पुसायचा दांडा अंगामागे लपवून चोरपावलांनी गेली. सगळे जण मामांकडे बघून गोड हसत होते.

मामांना घाम फुटला. इतकं प्रेम त्यांच्या वाट्याला आयुष्यात कधी आलं नव्हतं आणि ते नेमकं आज आडवं आलं होतं. ते अर्धवट उठले. "अगं, तिकडे पाणी—"

मामींनी त्यांची बाही धरून खाली खेचलं. "बसा हो. बघतील ते. आज तुमचा दिवस आहे."

आणि नर्सबाई त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसल्या. त्यांनी डावा पाय हातात घेतला, धुतला, पुसला. मग त्या उजव्याकडे वळल्या.

"एक पुरे," मामा पुटपुटले.

"दोन आहेत ना?" नर्सबाईंनी मोजा खाली ओढला. मग गीताच्या आवाजाखाली, फक्त मामांना आणि मामींना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "ही नळाला लावतात ती टेप ना?"

"पक्की बसते."

"दिसतंय."

त्यांनी टेपचे वेढे एकेक करून सोडवले. चिंधी निघाली. आतली जखम मामांनी स्वतःही इतक्या उजेडात कधी पाहिली नव्हती. वासही आला. मामांनी डोळे मिटले. आता नर्सबाई उठतील, काहीतरी बोलतील, गीत थांबेल, सगळे मान उंचावून बघतील, असं त्यांना वाटलं. दादांची ती खिडकीजवळची खुर्ची त्यांच्या डोळ्यांपुढे आली. शरमेपेक्षा भीती मोठी होती, आणि ती इतके दिवस त्यांनी एकट्याने अंगावर वागवली होती.

नर्सबाईंनी फक्त हात वर करून पाळकबाईंना खूण केली. दुसरं स्वच्छ पाणी आलं, वेगळा टॉवेल आला. त्यांनी पाय सगळ्यांच्या भांड्यात बुडवला नाही. वरून हळूहळू पाणी ओतत, जखमेच्या भोवतीने त्या तो धूत राहिल्या, कुणी तान्ह्या बाळाचं डोकं धुवावं तशा. कुणी नाक मुरडलं नाही. ते गढूळ पाणी एका मुलीने उचलून नेलं आणि गीत चालूच राहिलं.

"कधीपासून?" नर्सबाईंनी विचारलं.

मामा मामींकडे बघायला लागले. मामी काहीच बोलत नव्हत्या. मामी गप्प झाल्या की घरातलं घड्याळ बंद पडल्यासारखं वाटे.

"उद्या सकाळी हॉस्पिटल," नर्सबाई म्हणाल्या. "मी येते न्यायला."

"उद्या एका बिल्डिंगचं पाइपचं काम—"

"उद्या," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाय स्वच्छ टॉवेलात गुंडाळून बांधला.

आता मामांची पाळी होती. नर्सबाई नको म्हणत होत्या, पण मामांनी ऐकलं नाही. उजवं पाऊल अधांतरी ठेवून ते कसेबसे मामींच्या पायाशी बसले. त्या सगळ्या वर्तुळात घरून पाय न घासता आलेल्या एकट्या मामीच होत्या. टाचांना भेगा पडल्या होत्या, पोटऱ्यांवर निळ्या शिरा वर आल्या होत्या, दिवसभर उभं राहून घोटे सुजले होते. इतकी वर्षं संसार झाला, पण हे पाय मामांनी असे कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी पाणी घेतलं आणि ते सावकाश धुऊ लागले.

"मोजे मीच आणून देत होते," मामी हळूच म्हणाल्या. "मऊ बघून."

"हो."

"दादांसारखं होईल म्हणून घाबरलात?"

"हो."

"मग मी कशाला आहे?"

मामांनी मामींची दुसरी टाच हातात घेतली. त्यांना रडू आलं. पाण्यात काम करणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, चेहरा ओला दिसला तरी कुणी फार विचारत नाही. मामींनी त्यांच्या विरळ केसांवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. मग त्या उठल्या आणि पुढच्या बाईंचे पाय धुवायला गेल्या, आणि उठता उठता त्यांचं बोलणं परत सुरू झालं, जरी बोलायचं नसतं तरी.

आशीर्वचन झालं. मामा लंगडत चहाच्या खोलीत गेले, मागोमाग मामी आणि पाळकबाई. आत सूचनाराव अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते आणि दोघे तरुण पाइपवर चिंध्या दाबून बसले होते.

"मामा, तुम्ही कशाला आलात? होतंय आमचं," सूचनाराव म्हणाले, आणि तेवढ्यात पाइपने त्यांच्यावर एक पिचकारी सोडली.

"मीच सैल केला होता," मामा म्हणाले. "पाय दाखवायचा नव्हता म्हणून."

सूचनारावांनी आपल्या ओल्या पायांकडे पाहिलं, कोपऱ्यात पिळून ठेवलेल्या कोटाकडे पाहिलं. "म्हणजे माझे पाय यंदा दोनदा धुतले गेले," ते म्हणाले, आणि आधी पाळकबाई हसल्या, मग सगळेच. मामांना स्टुलावर बसवलं गेलं. पाना मामींनी हातात घेतला आणि त्या सिंकखाली शिरल्या.

"उजवीकडे फिरव," मामा म्हणाले.

"तुमच्या उजवीकडे की माझ्या?" आतून आवाज आला. पाणी बंद व्हायला वेळ लागला, पण झालं.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई दारात उभ्या होत्या. डॉक्टरांनी जखम पाहिली, आणखी थोडे दिवस गेले असते तर काय झालं असतं ते स्पष्ट सांगितलं आणि मामांचा चेहरा बघून लगेच म्हणाले, "पाय वाचेल. अंगठ्याचं मात्र आत्ताच सांगत नाही. पाय जमिनीला टेकवायचा नाही. अजिबात."

मग मामांच्या आयुष्यातला सगळ्यांत अवघड काळ सुरू झाला. जखमेचं तर होतंच, पण खरी अडचण दाराची होती. दाराशी कुणी आलं की मामा खुर्चीत अडकलेले आणि दार मामी उघडणार. भगिनीमंडळाचा डबा आला. तो आत आला. दुसऱ्या दिवशी आणखी एक आला. मामींनी इतक्या वर्षांचा वचपा काढला, त्या डबा घेताना "उद्या काय करणार आहात?" असंही विचारू लागल्या. मामा खात होते आणि आतल्या आत तळमळत होते. कुणाचाही नळ आवळायला जाता येत नव्हतं. ऑर्गनवाले मास्तर येऊन तासभर शेजारी बसले. शेवटी मामांनी विचारलं, "तुमच्या मोरीचं पाणी नीट जातं ना?"

"जातं," मास्तर म्हणाले. "मी तुमच्याकडे आलोय मामा. मोरीसाठी नाही."

मामांनी पंख्याकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "बरं वाटलं." एवढं बोलायला त्यांना टाकीवर चढण्याहून जास्त कष्ट पडले.

नर्सबाई ड्रेसिंगला येत आणि रागावत. रागावताना मात्र त्यांचा हात हलका असे. एका शनिवारी त्यांनी जखम नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितली आणि न रागावताच पट्टी बांधली. सोमवारी डॉक्टर अंगठ्याचा निर्णय सांगणार होते. त्या शनिवारी मामांना जेवण गेलं नाही.

रविवारी त्यांनी चर्चला जायचा हट्ट धरला. सूचनारावांनी आपली गाडी आणली आणि तरुणांनी मामांना खुर्चीसकट उचलून पुढच्या रांगेत ठेवलं. उपासनेच्या मध्यावर पाळकबाई विचारतात, कुणासाठी प्रार्थना करायची आहे का. मग लोक उठून सांगतात, अमक्याची परीक्षा आहे, तमक्याची नोकरी. त्यात दर रविवारी मामा असत. शेजारच्या म्हाताऱ्यासाठी, कुणाच्या सुनेच्या बाळंतपणासाठी, एकदा तर एका दुकानदाराच्या हरवलेल्या मांजरासाठी त्यांनी मंडळीला प्रार्थना करायला लावली होती. स्वतःचं त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं.

पाळकबाईंनी विचारलं. एक-दोघं बोलले. मग मामांनी मामींच्या खांद्यावर हात टेकवला आणि ते एका पायावर उभे राहिले.

"माझ्या पायासाठी प्रार्थना करा," मामा म्हणाले. मग खाली बसता बसता थांबले. "उद्या सांगणार आहेत. मला फार भीती वाटते."

पाळकबाईंनी डोळे मिटून हात जोडले. त्या सुरुवात करायच्या आतच मागच्या एका रांगेतून कुणीतरी मोठ्याने सुरुवात केली आणि बघता बघता सगळेच एकदम, आपापल्या शब्दांत, प्रार्थना करू लागले. कुणी हुंदका देत होतं, कुणी देवाला दटावत होतं. नर्सबाई साखरेच्या आकड्यासकट सगळं नीट सांगत होत्या. सूचनारावांची प्रार्थना सूचनांसारखीच लांबत चालली होती. मामींनी फक्त मामांचा हात घट्ट धरला होता. आणि चारी बाजूंनी, उंच-सखल आवाजांतून, एकच गोष्ट परत परत ऐकू येत होती. प्रभू, मामांचा पाय. प्रभू, मामांचा पाय.

मामांनी डोळे मिटले नाहीत. त्यांना सगळ्यांचे चेहरे बघायचे होते. दादांनाही एकदा असं उचलून इथे आणलं असतं तर, असं त्यांच्या मनात आलं आणि ते रडू लागले. या वेळी त्यांनी चेहरा पुसला नाही.

सोमवारी डॉक्टरांनी अंगठा कापायचा नाही असं सांगितलं. पण रविवारी, खुर्चीतून घरी उचलून नेत असताना, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. तरीही मामा गाडीत मामींना म्हणाले, "आज मला भूक लागली आहे. कुणी डबा पाठवणार आहे का, विचार बरं."